डोळ्यांतलं हेझलचं रान

“मावशी, माझे डोळे कुठल्या रंगाचे गं?”

रात्रीची जेवणं आटोपून मी ओटा आवरत होते, तेवढ्यात अमेरिकेतून भाचीचा फोन आला. तिच्याकडे भर दुपार होती. गाडी चालवायचा परवाना काढायला ती गेली होती. अर्जात नाव झालं, जन्मतारीख झाली, उंची झाली आणि मग डोळ्यांच्या रंगाचा रकाना आला.

“घारे,” मी पटकन सांगितलं. पाळण्यात होती तेव्हापासून सगळे तिला घारीच म्हणत आलेत.

“ते मलाही माहितीये गं. पण इथं घारे नाहीतच. काळे आहेत, तपकिरी आहेत, निळे, हिरवे, करडे आहेत. आणि एक हेझल आहे. हेझल म्हणजेच घारे का?”

तिने हेझलवर खूण केली आणि फोन ठेवला. तिचं काम झालं, माझं तिथून सुरू झालं. हा शब्द मी इंग्रजी कादंबऱ्यांत शेकडो वेळा वाचला होता. नायिकेचे डोळे हेझल आहेत असं आलं की मी मनात एक धूसर, सुंदरसा रंग कल्पून पुढं सरकत असे. तो रंग नेमका कोणता, डोळ्यात तो येतो कुठून आणि त्याला हे नाव का पडलं, हे कधी विचारलंच नव्हतं. विचारायला लागले आणि थक्क होत गेले. या एवढ्याशा विशेषणात एक अख्खं रान आहे, हिमयुगानंतरची माणसं आहेत आणि प्रकाशाचा असा एक खेळ आहे की डोळ्यांकडे बघायची माझी रीतच त्याने बदलली.

आपल्याकडच्या अर्जांत डोळ्यांच्या रंगाचा रकाना सहसा नसतो. आपण ‘ओळखीची खूण’ लिहितो: उजव्या गालावर तीळ, डाव्या कोपरावर जखमेचा व्रण. जिथं बहुतेकांचे डोळे गडद तपकिरी, तिथं रंगावरून माणूस ओळखायचा कसा? अमेरिकेत मात्र पोलिसांच्या आणि वाहनखात्याच्या नोंदींत डोळ्यांच्या प्रत्येक रंगाला तीन अक्षरी संकेत आहे. हेझलचा संकेत एच-ए-झेड. म्हणजे एका झाडाचं नाव तिथं सरकारदरबारी माणसाची ओळख म्हणून नोंदलं जातं.

हो, झाडाचं. हेझल हे मुळात रंगाचं नावच नाही. चॉकलेटमध्ये जे हेझलनट असतं, त्याच्या झाडाचं हे नाव. त्या फळाच्या कवचाचा जो रंग, तो डोळ्यांना दिला गेला. यात मराठी माणसाला नवल वाटायचं कारण नाही. साडीच्या दुकानात जाऊन बसा, आपली निम्मी बाग गादीवर उलगडते: जांभळा, नारिंगी, डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, वांगी, बदामी, आमसुली. रंगाला नाव द्यायची वेळ आली की माणूस आधी परसात डोकावतो. ज्यांच्या परसात हेझल होतं त्यांनी हेझल उचललं, एवढंच.

ते त्यांच्या परसात किती जुनं होतं पाहा. हिमयुग ओसरलं, बर्फ उत्तरेकडे मागे हटलं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर जी झाडं सर्वांत आधी पसरली, त्यांत हेझल होतं. साधारण १०,००० वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये ते जिकडेतिकडे झालं. उंच वृक्ष ते नव्हेच. मुळाशी अनेक फांद्या फुटून झुडपासारखं वाढणारं हे झाड, गोलसर दातेरी पानांचं. थंडी सरायच्या आधीच, पानं येण्यापूर्वी, त्याला पिवळे लोंबते तुरे येतात आणि शरद ऋतूत फळं पिकतात. फळ टणक कवचाचं, आत गोड तेलकट गर. आणि मुख्य म्हणजे ते टिकतं. हिवाळ्यासाठी साठवून ठेवता येतं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला कोलनसे नावाचं एक लहानसं बेट आहे. तिथं स्टाओस्नेग या ठिकाणी उत्खनन करताना पुरातत्त्वज्ञांना एक खड्डा सापडला. त्यात हेझलची भाजलेली कवचं होती, एकदोन टोपल्या नव्हेत, काही लाख. काळ सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचा. शेती अजून तिथं पोहोचलीच नव्हती. शिकार करणारी, कंदमुळं नि फळं गोळा करणारी माणसं शरदात त्या बेटावर हेझल वेचत होती, भाजत होती. कोकणात पावसाआधी काजूच्या बिया भाजताना जो धूर नि जी लगबग असते, तीच मला त्या खड्ड्याभोवती दिसायला लागली.

हेझल नुसतं खाण्यापुरतं नव्हतं. बुंध्याशी छाटलं की त्याला सरळ, लवचिक काठ्यांचे धुमारे फुटतात. त्या काठ्या विणून कूड उभा करायचा, त्यावर माती थापायची आणि भिंत तयार. सह्याद्रीत कारवीच्या काठ्यांचा कूड घालून शेणमातीने लिंपतात ना, अगदी तसं. टोपल्या हेझलच्या, मेंढरांची कुंपणं हेझलची, घराच्या भिंती हेझलच्या, हिवाळ्याची बेगमी हेझलची. आयर्लंडच्या जुन्या कथांत तर ज्ञानाच्या विहिरीभोवती हेझलची नऊ झाडं आहेत. त्यांची फळं पाण्यात पडतात, तिथला सामन मासा ती गिळतो आणि जगातलं सगळं शहाणपण त्याच्या पोटात जातं. जे झाड पोट भरतं, घर देतं आणि शहाणपणही देतं, त्याच्या फळाचा रंग माणसाला आपल्या जिवलगाच्या डोळ्यांत दिसला तर नवल कसलं?

आता नावाची गोष्ट. जुन्या इंग्रजीत या झाडाला ‘हॅसेल’ म्हणत, जर्मनमध्ये आजही ‘हाझेल’. लॅटिनमध्ये मात्र ते ‘कोरिलस’. कुठं हेझल आणि कुठं कोरिलस? कानाला त्यांचं काही गोत्र जुळत नाही. पण भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा एकच शब्द आहे, दोन घरी वाढलेला. फार पूर्वी, इंग्रजी-जर्मनच्या पूर्वज भाषेत, शब्दाच्या आरंभीचा ‘क’ हळूहळू ‘ह’ झाला. लॅटिनचं ‘कॉर्नू’ म्हणजे शिंग, इंग्रजीत ‘हॉर्न’. लॅटिनचं ‘केंटुम’ म्हणजे शंभर, इंग्रजीत ‘हंड्रेड’. आपलं संस्कृत ‘शत’ त्याच कुळातलं. याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने १८२२ साली हे बदल नियमात बसवून दाखवले. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकीच हा एक. इकडे लॅटिनने दुसरी खोडी केली: दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘स’चा ‘र’ केला. मूळ शब्द ‘कोसलोस’च्या जवळपासचा होता असं मानतात. एका घरी त्याचा ‘क’ बदलला, दुसऱ्या घरी ‘स’ बदलला. हजारो वर्षांनी दोघे भेटले तेव्हा एकमेकांना ओळखेनात.

वनस्पतिशास्त्राने त्यांची पुन्हा गाठ घालून दिली. युरोपातल्या हेझलचं शास्त्रीय नाव कोरिलस अ‍ॅव्हेलाना. लिनियसने १७५३ साली ते नोंदलं. अ‍ॅव्हेलाना म्हणजे अवेल्लाचं. अवेल्ला हे इटलीत नेपल्सजवळचं एक गाव, हेझलच्या फळांसाठी रोमनांच्या काळापासून नावाजलेलं. आज जगातली सर्वांत जास्त हेझल पिकतात ती तुर्कस्तानात, काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर.

आणि हेझलचा एक भाऊबंद आपल्या देशातही आहे. पश्चिम हिमालयात, हिमाचलच्या पांगी खोऱ्यात त्याच्या फळाला थांगी म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव कोरिलस जॅकमाँटी. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो व्हिक्टोर जॅकमाँ हा तरुण फ्रेंच निसर्गअभ्यासक. हिमालय, काश्मीर, पंजाब पायाखाली घालून तो दक्षिणेकडे उतरला आणि १८३२च्या डिसेंबरात मुंबईत वारला. वय अवघं ३१. हेझल या शब्दाचा माग काढता काढता मी आपल्याच मुंबईत येऊन पोहोचेन, हे कधी मनातही आलं नव्हतं.

शब्द चालतो कसा, तेही पाहू. इंग्रजीत डोळे हेझल असतात, माणूस हेझल डोळ्यांचा असतो. पण हेझल रंगाची छत्री, हेझल रंगाची भिंत असं सहसा कोणी म्हणत नाही. रंगाचा हा शब्द जवळजवळ डोळ्यांनाच वाहिलेला. काही विशेषणं अशी एकनिष्ठ असतात. इंग्रजीत ‘ब्लाँड’ केसांना चिकटून बसलेलं, ‘बे’ घोड्याला. आणि मराठीत? घारा! घारी साडी नाही, घारा सदरा नाही, घारी भिंत नाही. घारे फक्त डोळे, आणि फार तर त्या डोळ्यांचा माणूस. अबलख म्हटलं की घोडा, ढवळ्या-पवळ्या म्हटलं की बैल, तसं घारं म्हटलं की डोळे. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या दूर, तरी दोघींनी डोळ्यांच्या एका रंगासाठी वेगळा शब्द राखून ठेवला. माणसाला माणसाचा डोळा किती महत्त्वाचा वाटतो, त्याची ही खूण आहे.

हेझलचा अर्थ मात्र एका जागी थांबला नाही. शेक्सपिअरच्या काळी, म्हणजे १६व्या शतकाच्या अखेरीस, हेझल म्हणजे सरळ तपकिरी, फळाच्या कवचासारखा. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी मर्क्युशिओ आपल्या मित्राची थट्टा करतो: तू इतका भांडकुदळ की कोणी कवचाची फळं फोडताना दिसला तरी तू अंगावर जाशील, कारण काय, तर तुझे डोळे त्याच फळाच्या रंगाचे. ‘टेमिंग ऑफ द श्रू’मध्येही केटच्या वर्णाला हेच फळ उपमेसाठी येतं, आणि तिथं तर तपकिरी हा शब्दच सोबत आहे. पुढं तपकिरी डोळ्यांसाठी ‘ब्राउन’ हा साधा शब्द सर्रास झाला आणि हेझल त्याच्या काठाकडे सरकलं. आज हेझल म्हणजे ना धड तपकिरी ना धड हिरवा: हिरवट झाक असलेला तपकिरी, कुठं सोनेरी ठिपके, बाहुलीभोवती गडद कडं आणि बाहेरच्या बाजूला शेवाळी छटा. ब्रिटनमधला जुना वाचक त्यात तपकिरी अधिक पाहतो, अमेरिकेतला आजचा वाचक हिरवा अधिक. मला यात एक सुंदर योगायोग दिसतो. हेझलचं फळ झाडावर असतं तेव्हा तपकिरी कवचाभोवती हिरव्या पाकळ्यांची झालर असते. मध्ये तपकिरी, भोवती हिरवं. शब्दाने चारशे वर्षं प्रवास केला आणि कवचावरून सुरुवात करून तो झालरीपर्यंत पोहोचला.

पण डोळ्यातला हा हिरवा, हा सोनेरी येतो कुठून? इथं माझी खरी भंबेरी उडाली. मी समजत होते की निळ्या डोळ्यात निळा रंग असतो, हिरव्यात हिरवा. तसं काहीच नाही. माणसाच्या डोळ्यात निळं रंगद्रव्य नाही, हिरवंही नाही. जे आहे ते मेलॅनिन. आपल्या कातडीत नि केसांत असतं तेच, तपकिरी-काळं आणि थोडं तांबूस-पिवळं.

बुबुळाच्या रंगीत चकतीला शास्त्रीय मराठीत परितारिका म्हणतात. तिचा सर्वांत मागचा थर जवळजवळ प्रत्येकाचा गडद असतो, मग डोळे कोणत्याही रंगाचे असोत. फरक पडतो तो पुढच्या थरांत. तिथं मेलॅनिन भरपूर असेल तर येणारा प्रकाश शोषला जातो आणि डोळा गडद तपकिरी दिसतो. तिथं मेलॅनिन अगदी कमी असेल तर प्रकाश त्या थरातल्या बारीक तंतूंवर आपटून विखुरतो. विखुरताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतो, आणि तोच आपल्याकडे परत येतो. आकाश निळं दिसतं ते याच जातीच्या खेळामुळे. निळ्या डोळ्यात निळं काही नसतं. तिथं आकाशाचीच करणी चाललेली असते.

घरी करून बघा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात दुधाचे मोजके थेंब टाका, मागे काळं कापड धरा आणि अंधाऱ्या खोलीत बाजूने विजेरीचा झोत सोडा. पांढरं दूध, रंगहीन पाणी, आणि तरी पेल्याला निळसर झाक येते. आता पेल्यातून आरपार विजेरीकडे पाहा: तिचा उजेड पिवळट-नारिंगी झालेला असतो. निळा भाग वाटेत विखुरला, उरलेला तुमच्यापर्यंत आला. मोरपिसाचंही तेच. त्यात निळं-हिरवं रंगद्रव्य नाही, मेलॅनिनच आहे. ती निळाई पिसातल्या अतिसूक्ष्म रचनेने प्रकाशावर केलेली कारागिरी आहे. तिथली रीत जरा वेगळी, पण रंगाशिवाय रंग उभा करण्याची किमया तीच.

हेझल डोळा या दोन टोकांच्या मधोमध बसतो. त्यात मेलॅनिन मध्यम, आणि सगळीकडे सारखं नाही. बाहुलीभोवती दाट, म्हणून तिथं तपकिरी कडं. बाहेर विरळ, म्हणून तिथं विखुरलेली निळाई. त्या निळाईवर पिवळसर-तपकिरी द्रव्याची पातळ साय धरली की निळ्यात पिवळा मिसळून हिरवा होतो, चित्रकलेच्या वहीत व्हायचा तसाच. एकाच डोळ्यात मातीही असते आणि आकाशही, आणि त्यांच्या सीमेवर गवत उगवतं.

म्हणूनच हेझल आणि घारे डोळे रंग बदलतात असं वाटतं. भाचीची आई म्हणायची, ही रागावली की हिचे डोळे हिरवे होतात. आम्ही हसायचो. पण तिच्या पाहण्यात तथ्य होतं. द्रव्य बदलत नाही, पण बाहुली लहान-मोठी झाली की भोवतीची चकती ताणली वा आकसली जाते आणि तिच्यातल्या रंगांचं प्रमाण वेगळं दिसतं. दुपारच्या उन्हात विखुरणं ठळक होतं, संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात तपकिरी वर येतो. अंगावर हिरवा पोलका असेल तर डोळ्यातल्या हिरव्याकडे आपलं लक्ष ओढलं जातं. गडद डोळ्यात हे सगळं मेलॅनिनखाली झाकलेलं राहतं. पुष्कळ गोऱ्या युरोपी बाळांचे डोळे जन्मतः निळसर-करडे असतात आणि त्यांतल्या काहींचे पुढं हळूहळू तपकिरी वा हिरवट होतात, त्याचं कारणही हेच: मेलॅनिन सावकाश भरत जातं आणि आकाशावर माती चढत जाते.

शाळेत शिकवलेलं आठवतं: तपकिरी डोळे प्रभावी, निळे अप्रभावी, आणि दोन चौकोन आखून उत्तर काढायचं. १९०७च्या सुमारास मांडलेली ती कल्पना, सोपी आणि देखणी. पण डोळे त्या चौकोनात मावले नाहीत. १५व्या गुणसूत्रावर ओसीए२ नावाचं एक जनुक आहे, मेलॅनिन घडवण्याच्या कामात गुंतलेलं. त्याच्या शेजारी हर्क२ नावाचं दुसरं. २००८ साली डेन्मार्क, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की या शेजाऱ्याच्या पोटातलं एकच अक्षर बदललं की ओसीए२चं काम मंदावतं. कंदिलाची चावी शेजारच्या घरात असावी आणि तिथून कोणी वात बारीक करावी, तसं. वात पार बारीक झाली तर निळे डोळे. मध्ये कुठं राहिली तर हिरवे, घारे, हेझल. आणि ही चावी एकटी नाही. २०२१ साली सुमारे १,९५,००० लोकांच्या अभ्यासातून डोळ्यांच्या रंगावर परिणाम करणारी जनुकीय ठिकाणं ६१ भरली. हेझलसारखा मधला रंग या अनेक हातांच्या खेचाखेचीतून येतो, म्हणून दोन हेझल डोळे कधी एकसारखे नसतात.

आणि आता हेझलच्या रानात परत या. इंग्लंडमध्ये चेडर गावाजवळच्या गुहेत १९०३ साली एका माणसाचा सांगाडा सापडला. तो साधारण १०,००० वर्षांपूर्वी जगला, म्हणजे हेझल त्या भूमीवर पसरत होतं त्याच काळात. २०१८ साली त्याच्या डीएनएचा अभ्यास जाहीर झाला. त्याची कातडी गडद ते काळी असावी, आणि डोळे निळे वा हिरवे, फिकट! गोरी कातडी नि फिकट डोळे यांची जोडगोळी जन्मजात आहे हा समज त्या एका सांगाड्याने मोडला. सावळा चेहरा आणि त्यात चमकणारे उजळ डोळे. असा चेहरा आपल्याला कुठं नवा आहे? मी तो एसटीच्या खिडकीत पाहिलाय, बाजारात मासळीच्या टोपलीमागे पाहिलाय. घारे म्हटलं की मराठी मनाला पटकन कोकणस्थ घर आठवतं, पण ही वात बारीक करणारी चावी जातगोत पाहून फिरत नाही. ती हजारो वर्षं हातोहात फिरत आली, आणि कोणत्या घरात कधी डोळा उघडेल ते ती आधी कळवत नाही.

मग भाचीच्या प्रश्नाचं उत्तर काय? हेझल म्हणजे घारे का? पुष्कळदा हो, पण दोन्ही शब्दांची शिवारं वेगळी. आपला घारा अघळपघळ: निळसर-करड्यापासून मधाच्या रंगापर्यंत गडद नसलेलं सगळं त्यात मावतं. हेझलचं शिवार अरुंद: त्यात तपकिरी हवाच आणि हिरव्याची झाक हवी. निव्वळ करडे डोळे घारे असतात, हेझल नसतात. संस्कृतने तिसरंच माप वापरलं. हनुमानाच्या बारा नावांत एक पिंगाक्ष आहे: पिंगट, तांबूस-सोनेरी डोळ्यांचा. वराहाने मारला तो हिरण्याक्ष, म्हणजे सोन्याच्या डोळ्यांचा. आणि जिथं डोळे काळेभोर तिथं मराठीने रानातून वेगळं फळ आणलं: भोकरासारखे टपोरे डोळे. त्यांनी हेझल उचललं, आपण भोकर. ज्या भाषेच्या रानात जे पिकलं, ते तिने माणसाच्या डोळ्यांत पाहिलं.

एका ठिकाणी मात्र हे सगळे रंग गळून पडतात. १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत एका अफगाण मुलीचं छायाचित्र काढलं गेलं. ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या जून १९८५च्या मुखपृष्ठावरचे ते हिरवे डोळे जगभर गाजले. २००२ साली शरबत गुला नावाची एक स्त्री सापडली. ती तीच, हे पटवायला केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी तिच्या बुबुळांची नक्षी ताडून पाहिली. रंग नव्हे, नक्षी: परितारिकेतले धागे, खाचा, वळ्या. ही नक्षी आईच्या पोटातच घडते, आणि एकाच माणसाच्या दोन डोळ्यांतही ती वेगळी असते. डॉगमन यांचीच पद्धत पुढं जगभर वापरात आली. ही नक्षी टिपण्याची यंत्रं अवरक्त प्रकाश वापरतात, आणि त्या प्रकाशात मेलॅनिन जवळजवळ पारदर्शक होतं. काळाभोर डोळा आणि हेझल डोळा, दोघांचीही नक्षी सारखीच स्वच्छ दिसते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं. त्यानंतर या देशातली कोट्यवधी माणसं त्या यंत्रात डोळे लावून बसली आहेत. तिथं घारं, काळं, पिंगट काही नसतं. प्रत्येकाच्या डोळ्यात एक राखाडी, झिरमिळ्यांचं फूल उमललेलं असतं, दुसऱ्या कोणाकडेही नसलेलं.

भाची दिवाळीला घरी आली. सकाळी ओसरीत ऊन आलं तेव्हा मी तिला म्हटलं, जरा इकडं बघ. बाहुलीभोवती खरंच तपकिरी कडं होतं, कवचासारखं. त्याच्या बाहेर शेवाळी हिरवं, मध्ये दोन-तीन सोनेरी ठिपके. ढग आला नि हिरवं मावळलं. ढग सरला नि पुन्हा उगवलं. आणि मधोमध ती काळी, गोल खिडकी, जिला आपण बाहुली म्हणतो. इंग्रजी ‘प्युपिल’ हा शब्दही लॅटिनच्या बाहुलीवरूनच आला. ग्रीकांनी तिला मुलगी म्हटलं. संस्कृतात ती कनीनिका, तिचंही नातं लहानशा मुलीशीच. रंगाची नावं देताना भाषा आपापल्या रानात गेल्या, पण डोळ्याच्या मध्यावर येताच त्या सगळ्यांना एकच गोष्ट दिसली. कारण तिथं जवळून पाहणाऱ्याची इवलीशी प्रतिमा उमटते.

“काय दिसतंय एवढं?” तिने विचारलं.

“मी,” मी म्हटलं.